सेलूहून न्हावा शेवापर्यंत: जागतिक पुरवठा साखळीचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातील सेलूची एक विद्यार्थिनी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांची मोंढ्यात अडत आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय लॉजिस्टिक्स आणि जागतिक पुरवठा साखळी व्यवस्थापन हा विषय घ्यावा असे तिच्या मनात आहे. या विषयात विद्यापीठात नेमके काय शिकवतात, गणित किती लागते, शिक्षण भारतात घ्यावे की कर्ज काढून परदेशात, आणि ज्या भागाला समुद्रच नाही तिथल्या मुलीला या क्षेत्रात कोण विचारणार, असे तिने विचारले आहे.

मी या कामात सव्वीस वर्षे आहे. पहिली बारा वर्षे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्याच्या निर्यात विभागात होते, त्यानंतर फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे निर्यातदारांच्या मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्या व्यवसायात, आले, आणि गेली काही वर्षे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना पाहुणी व्याख्याती म्हणून हाच विषय शिकवते. तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती फिटली की बाकीच्या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ सोपी होतात.

मराठवाड्याला समुद्र नाही, पण समुद्राशी व्यवहार नव्हता असे कधीच नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तात आपल्या पैठणचा आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरचा उल्लेख आहे. पैठण भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेर पैठणपासून आणखी दहा दिवसांच्या वाटेवर आहे, पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून सुती कापड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला आणले जाते, असे तो सांगतो. मी हे कौतुकापोटी सांगत नाही. त्या व्यापाऱ्याने अंतर दिवसांत मोजले आहे, आणि या विषयाचा गाभा तिथेच आहे. माल किती लांब जायचा आहे यापेक्षा तो किती दिवसांत पोचेल, आणि त्या दिवसांचा भरवसा किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

हे आकड्यांत दाखवते, कारण एकदा आकडा पाहिला की तो विसरत नाही. समजा युरोपातील एका ग्राहकाला आपल्याकडच्या एका कारखान्याचे रोज सरासरी १०० नग लागतात आणि त्याच्या रोजच्या मागणीचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, २० नगांचे आहे. माल कारखान्यातून त्याच्या गोदामात पोचायला ३५ दिवस लागतात आणि त्यातले प्रमाण विचलन २ दिवसांचे आहे. माल मागवण्याच्या शंभर फेऱ्यांपैकी पंचाण्णव फेऱ्यांत तुटवडा पडू नये अशी त्याची अपेक्षा असेल, तर सूत्राप्रमाणे त्याला सुमारे ३८३ नग सुरक्षा साठा, म्हणजे अडचणीसाठीचा जादा माल, म्हणून बाळगावे लागतात. आता प्रवास ३५ ऐवजी ४९ दिवसांचा झाला, पण विचलन दोनच दिवसांचे राहिले, असे धरू. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा असेच दहा ते चौदा दिवस वाढले होते. या स्थितीत सुरक्षा साठा सुमारे ४०३ होतो, म्हणजे अवघे वीस नग वाढतात. वाटेवर असलेल्या मालात १,४०० नगांची भर पडते आणि तेवढे भांडवल अडकते, हे खरेच. पण ते आधी कळते आणि हिशेबात धरता येते. याउलट प्रवास ३५ दिवसांचाच राहिला आणि विचलन मात्र दोनाचे सात दिवस झाले, तर तोच सुरक्षा साठा सुमारे १,१७१ नगांवर जातो, म्हणजे तिपटीहून अधिक होतो. लांबच्या रस्त्यापेक्षा बेभरवशाचा रस्ता किती महाग पडतो, हे या तीन आकड्यांतून दिसते.

हा भरवसा बिघडतो कुठे? माझ्या अनुभवात जहाजावर जेवढा बिघडतो त्याहून अधिक जमिनीवरच्या टप्प्यात बिघडतो. रिकामा कंटेनर वेळेवर मिळत नाही. मिळालेला कंटेनर आत जाऊन दार लावल्यावर छतातून उजेड दाखवतो, म्हणजे त्याला भोक असते आणि तो परत पाठवावा लागतो. ट्रेलर घाटात अडकतो, किंवा दौलताबादजवळच्या माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, भरेपर्यंत थांबावे लागते, कारण साधारण ९० टीईयूंची, म्हणजे वीस फुटी कंटेनरांच्या मापाने ९० कंटेनरांची, एक गाडी भरल्याशिवाय रेल्वेचे गणित बसत नाही. वाळूज ते मुंबईजवळचे न्हावा शेवा बंदर हे अंतर जेमतेम साडेतीनशे किलोमीटरचे आहे, पण तिथे आमचे जेवढे दिवस वाया गेले तेवढे अरबी समुद्रात गेले नाहीत. म्हणूनच जमिनीवरचा हा टप्पा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला या शास्त्रात मोठा आधार असतो. बंदराच्या शेजारी वाढलेल्या मुलाला बंदर ठाऊक असते. बंदरापर्यंत माल कसा पोचतो हे त्याला पुस्तकातून शिकावे लागते.

आता विद्यापीठात काय शिकवतात ते सांगते. अभ्यासक्रमांची नावे वेगवेगळी असली तरी चांगल्या अभ्यासक्रमात तीन धागे असतात. पहिला धागा संख्यांचा: मागणीचा अंदाज, साठ्याचे नियोजन, गोदामांची जागा ठरवणे, वाहतुकीचे मार्ग आखणे. दुसरा कायदा आणि कागदपत्रांचा: विक्रीच्या अटी, वाहतुकीचा करार, विमा, कस्टम्स, बँकेमार्फत होणारी देवघेव. तिसरा वाहतुकीच्या अर्थकारणाचा आणि भूगोलाचा: बंदरे, जहाज कंपन्या, भाड्याचे दर कसे ठरतात, व्यापाराचे मार्ग का बदलतात. माहिती प्रणाली, खरेदी व्यवस्थापन आणि पर्यावरण हे विषय या तिघांना जोडून येतात.

कागदपत्रांच्या धाग्याकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात, आणि सर्वांत जास्त पैसा तिथेच बुडतो. २००९ मध्ये मी कारखान्यात असतानाचा एक प्रसंग सांगते. युरोपातील एका खरेदीदाराने लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद सादर केले की पैसे देण्याची बँकेची हमी, पाठवले होते आणि त्यात माल जहाजावर चढण्याची शेवटची तारीख ३० जून होती. कंटेनर २४ जूनला संध्याकाळी वाळूजमधून निघाला. कसारा घाटात पावसामुळे वाहतूक तुंबली होती, आणि २६ तारखेला बंदराच्या फाटकाची कट-ऑफ वेळ, म्हणजे कंटेनर आत घेण्याची शेवटची वेळ, चार तासांनी हुकली. २७ चे जहाज निघून गेले. पुढचे साप्ताहिक जहाज ४ जुलैचे होते, त्यामुळे बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, ४ जुलै ही तारीख आली. माल उत्तम होता, मोजणी बरोबर होती, खरेदीदारालाही तो हवाच होता. पण बँक कागद पाहते, माल पाहत नाही. बँकेने विसंगती नोंदवून पैसे रोखले, आणि माल समुद्रात असताना खरेदीदाराने सहा टक्के सूट मागितली, ती द्यावी लागली. दोष पावसाला देता आला असता. परंतु जहाज हुकल्याचे २६ तारखेलाच आम्हाला ठाऊक होते, त्या दिवशी खरेदीदाराला कळवून क्रेडिटची मुदत वाढवून मागता आली असती, आणि ती फाइल माझ्या टेबलावर होती. मी ते केले नाही, कारण कंटेनर पुढच्या जहाजावर चढवण्याच्या धावपळीत मला ते सुचलेच नाही. त्यानंतर क्रेडिट हातात आले की त्यातल्या तारखा सर्वांत आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिण्याची सवय मी लावून घेतली, आणि विद्यार्थ्यांनाही लावते.

या व्यवहारांना लागू होणारे आंतरराष्ट्रीय नियम यूसीपी ६०० या नावाने ओळखले जातात आणि ते १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँक दिवस मिळतात. आणि क्रेडिटमध्ये वेगळे काही लिहिलेले नसेल तर माल चढल्यापासून एकवीस दिवसांच्या आत मूळ वाहतूक कागद बँकेत सादर करावे लागतात. इन्कोटर्म्स, म्हणजे खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या विक्रीच्या आंतरराष्ट्रीय अटी, यांचेही तसेच आहे. २०२० च्या आवृत्तीत अकरा अटी आहेत, त्या पाठ करणे दोन तासांचे काम आहे. पण मालाची जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कोणत्या क्षणी जाते हे प्रत्येक अटीत बोट ठेवून सांगता आले पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक निर्यातदार कंटेनरमधून जाणाऱ्या मालालाही सवयीने एफओबी (फ्री ऑन बोर्ड) ही अट लावतात. एफओबीमध्ये माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते. कंटेनर मात्र माळीवाड्याला किंवा बंदराच्या यार्डात सोपवल्यावर कित्येक दिवस विक्रेत्याच्या नजरेआड असतो. ताबा गेलेला आणि जोखीम मात्र राहिलेली, अशी ती अवस्था असते. अशा मालासाठी एफसीए (फ्री कॅरियर) ही अट, जिच्यात माल वाहतूकदाराला सोपवला की जोखीम खरेदीदाराकडे जाते, योग्य ठरते, आणि २०२० च्या आवृत्तीत खरेदीदाराच्या सूचनेवरून विक्रेत्याला ‘ऑन बोर्ड’ शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग मिळण्याची सोयही तिच्यात केली आहे. हा एक मुद्दा नीट समजलेली पदवीधर मुलगी कारखान्यात गेली, तर पहिल्या महिन्यातच तिचे महत्त्व लोकांच्या लक्षात येते.

वर्गीकरणाचा विषय तुमच्या घराजवळच शिकता येईल. जगभर मालाची ओळख एचएस कोडने, म्हणजे प्रत्येक मालाला दिलेल्या वर्गीकरणाच्या क्रमांकाने, होते. पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात आणि भारतात ते आठ अंकांपर्यंत वाढवले आहेत. सेलू-मानवत भागातल्या एका जिनिंगमध्ये कापूस आत जातो. बाहेर पडणाऱ्या रुईचे शीर्षक ५२०१, सरकीचे १२०७ आणि तिच्या पेंडीचे २३०६. एकाच गाडीतून उतरलेल्या कापसाला शुल्कसूचीतली तीन निरनिराळी प्रकरणे लागतात, आणि प्रत्येकाचे शुल्क, निर्बंध आणि प्रमाणपत्रे वेगळी असतात. तुम्ही हे कधी ना कधी ऐकले असेल, पण अभ्यास म्हणून पाहिले नसेल.

गणिताबद्दल तुम्हाला भीती वाटते, तिचे मी तुकडे करून सांगते. रोजच्या कामात बहुतेक वेळा अंकगणितच लागते, पण ते अचूक लागते. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचा एक खोका ९ किलोचा आहे. विमान मालवाहतुकीत घनफळ भागिले ६,००० असा हिशेब प्रचलित आहे. १,२०,००० घन सेंटिमीटरचे २० किलो होतात आणि भाडे २० किलोंचे लागते. असे ५० खोके असतील तर खरे वजन ४५० किलो, पण भाडे १,००० किलोंचे. तोच माल जहाजाने सुटा पाठवला तर त्याचे ६ घनमीटर होतात आणि भाडे ६ एककांचे लागते, कारण तिथे एक घनमीटर किंवा एक टन यांपैकी जे जास्त भरेल ते धरतात. हे बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला अवघड नाही. वर वापरलेले सुरक्षा साठ्याचे सूत्र समजायला सरासरी, विचलन आणि सामान्य वितरण एवढी संख्याशास्त्राची तयारी लागते, आणि ती तुमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात बऱ्याच अंशी झालेली असते. यापुढे मात्र रेषीय प्रोग्रॅमिंग (मर्यादांत राहून सर्वांत किफायतशीर पर्याय शोधण्याचे गणित), नेटवर्कचे प्रश्न आणि पायथॉन ही संगणकाची भाषा थोडी शिकल्याशिवाय चांगल्या विद्यापीठात निभाव लागत नाही, हे स्पष्टपणे सांगते. चार-सहा महिने रोज दीड तास दिला तर ही तयारी घरी बसून होते. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या पुरवठा साखळी विषयाच्या मायक्रोमास्टर्स या ऑनलाइन कार्यक्रमात पाच अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतला विश्लेषणाचा अभ्यासक्रम नेमका याच तयारीसाठी उपयोगी आहे. प्रमाणपत्र नको असेल तर फी न भरता व्याख्याने ऐकण्याची सोय असते. तो महिनाभर करून पाहा. विषय आवडतो की नुसते नाव आवडते, हे तेवढ्यात कळेल.

संख्या आणि माणसांचे वागणे कुठे भेटतात हे शिकवणारा एक खेळ मी दरवर्षी वर्गात घेते. तो १९६० च्या सुमारास एमआयटीत तयार झाला आणि जगभर बिअर गेम म्हणून शिकवला जातो. आमच्या वर्गात तो तूरडाळीचा असतो. चार मुले किराणा दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि दालमिल होतात. एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त मागणीची चिठ्ठी वर पाठवायची आणि माल काही आठवड्यांनी खाली येणार. ग्राहकाची मागणी सुरुवातीला आठवड्याला चार पोत्यांची असते, पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि शेवटपर्यंत आठच राहते. एवढाच बदल. पण दुकानदार घाबरून बारा मागतो, घाऊक व्यापारी वीस, वितरक चाळीस, आणि पंधराव्या आठवड्यापर्यंत मिलवाल्याच्या कागदावर डोंगर उभा राहतो आणि मग कोणीच काही मागेनासे होते. गेल्या वर्षी वितरक झालेला लातूरचा मुलगा खेळ संपल्यावर म्हणाला, ‘मॅडम, आमच्या मोंढ्यात दरसाल हेच होतं.’ त्याचे म्हणणे बरोबर होते. मागणी साखळीत वर जाताना फुगत जाते या घटनेला चाबकाचा परिणाम म्हणतात, आणि तो टाळायचा तर साखळीतल्या सर्वांना शेवटच्या ग्राहकाची खरी मागणी दिसली पाहिजे. तुमच्या वडिलांना विचारा की तेजीच्या अफवेवर त्यांनी किती वेळा माल भरला आणि पुढे काय झाले. त्या उत्तरातून तुम्हाला पुस्तकातल्या एका प्रकरणाइतके शिकायला मिळेल.

अभ्यासक्रम निवडताना संस्थेच्या नावाआधी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. त्यात व्याख्या आणि ‘महत्त्व स्पष्ट करा’ एवढेच असेल, तर तिथे दोन वर्षे घालवू नका. तक्ता दिला आहे, साठा काढा. करार दिला आहे, जोखीम कोणाची ते ठरवा. असे प्रश्न असतील तर तिथे शिकवणारे माणूस आहे असे समजा. दोन, शेवटचा प्रकल्प खऱ्या कंपनीच्या खऱ्या आकड्यांवर करावा लागतो की नाही ते विचारा. शिवाय अभ्यासक्रम ताजा आहे का हेही पाहिले पाहिजे. भारतात बिल ऑफ लेडिंगचा १८५६ चा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमा समायोजन यंत्रणा, म्हणजे आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनावरची आकारणी, ऑक्टोबर २०२३ मध्ये केवळ माहिती देण्यापुरती सुरू झाली आणि जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. तिच्यात पोलाद आणि नटबोल्टसारख्या पोलादी वस्तूही येतात. वाळूजहून युरोपला नटबोल्ट पाठवणाऱ्याला आता त्या पोलादामागच्या उत्सर्जनाचा हिशेब खरेदीदाराला द्यावा लागतो, आणि पोलाद जालन्यातून घेतले असेल तर तो हिशेब जालन्याच्या मिलमधूनच यावा लागतो. ज्या विद्यापीठात हे अजून आलेले नाही, तिथला अभ्यासक्रम जुना झाला आहे.

भारतात शिकायचे असेल तर पर्याय चांगले आहेत. पवईची नीटी ही १९६३ ची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळीत तिचा दबदबा जुना आहे, पण तिथे कॅट या प्रवेश परीक्षेत उत्तम गुण लागतात. परदेश व्यापाराकडे कल असेल तर दिल्लीची आयआयएफटी पाहावी. नाशिकला सिम्बायोसिसची ऑपरेशन्स व्यवस्थापनाची संस्था आहे. वडोदऱ्याचे गतिशक्ती विद्यापीठ केंद्रीय विद्यापीठ असून वाहतूक आणि लॉजिस्टिक्स हाच त्याचा विषय आहे. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय वाहतूक आणि लॉजिस्टिक्सचे एमबीए आहे आणि त्याची फी अनेक खासगी संस्थांच्या तुलनेत आवाक्यातली असते. यांपैकी कुठेही प्रवेश मिळाला तर केवळ परदेशाच्या ओढीने तो सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेशाबद्दल बोलताना मी पालकांना आधी खर्चाचा कागद करायला सांगते. रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड, अमेरिकेतील एमआयटी आणि मिशिगन स्टेट ही या विषयातील खरोखर नावाजलेली ठिकाणे आहेत, आणि रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गला शिकण्याचा लाभ असा की बंदर हीच तिथली प्रयोगशाळा असते. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, परंतु राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला ११,९०४ युरो अडकवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. मात्र अनेक जर्मन विद्यापीठे बी.कॉम.ची तीन वर्षांची पदवी आणि त्यातील गणिताचे श्रेयांक बारकाईने तपासतात, म्हणून अर्जाआधीच विद्यापीठाला लिहून विचारावे. एक वर्षाच्या महागड्या अभ्यासक्रमासाठी शेत किंवा दुकान गहाण ठेवून जाणे मला पटत नाही, कारण पुरवठा साखळीतल्या पहिल्या नोकऱ्या अनुभव विचारतात, आणि परक्या देशात अनुभवाविना आणि स्थानिक भाषेविना नोकरी शोधण्यात मुदत संपून गेलेली मुले मी पाहिली आहेत. दोन-तीन वर्षे इथे काम करून गेलेल्यांचे चित्र अगदी वेगळे असते. शासनाच्या परदेशी शिष्यवृत्ती योजनांत तुम्ही पात्र असाल तर समाजकल्याण विभागाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे. तिथे जागतिक क्रमवारीची अट असते आणि मुदत लवकर संपते.

मराठवाड्यात काम मिळेल का, तर मिळेल. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि बिडकीन या पट्ट्यात वाहन उद्योग, औषधे आणि यंत्रसामग्रीचे निर्यातदार आहेत. जालन्यात पोलाद आणि बियाणे आहे, आणि ज्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूर जमिनीवर असलेल्या कंटेनर बंदराची, पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली ते तुमच्या रेल्वेमार्गावरच आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या जुन्या घाटावरचे अवलंबित्व कमी झाले आहे. मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्यांच्या शीतसाखळीचे काम अजून फार मागे आहे आणि तिथे शिकलेल्या माणसांची खरी गरज आहे. पहिली नोकरी कस्टम्स ब्रोकरकडे किंवा फॉरवर्डरकडे कमी पगाराची मिळाली तरी घ्यावी. तिथे वर्षभरात जेवढे कागद हाताखालून जातात तेवढे मोठ्या कंपनीत पाच वर्षांत जात नाहीत, आणि पुढे कस्टम्स ब्रोकरच्या परवान्याची परीक्षा द्यायची असेल तर तो अनुभव कामी येतो. मुलींना यार्डात आणि रात्रीच्या स्टफिंगला, म्हणजे कंटेनर भरण्याच्या कामाला, पाठवायला काही मालक आजही कचरतात. मुलाखतीतच सांगावे की मला यार्डात जायचे आहे. मी तसे सांगितले होते, आणि कंटेनर भरताना उभे राहून जे कळले ते कार्यालयात बसून कधीही कळले नसते.

परीक्षेनंतर प्रवेशापर्यंत तुमच्या हातात काही महिने आहेत. सेलूच्या ओळखीच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जा आणि निर्यातीच्या एकाच खेपेचा शेवटपर्यंत माग काढा. गाठ १७० किलोची असते. ती प्रेसमधून बाहेर पडल्यापासून सुरुवात करा. माल बांगलादेशाला जात असेल तर तो पेट्रापोलच्या सीमेवरून रस्त्याने किंवा रेल्वेने जातो की न्हावा शेव्याहून द्वीपकल्पाला वळसा घालून चट्टग्रामला, आणि ही निवड कोणी, कशावरून केली, ते विचारा. धूम्रीकरण कुठे झाले, शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, कोणी भरले, सील कोणाचे होते, कंटेनर किती दिवस फुकट वापरता येतो आणि त्यानंतर भाडे कोणी सोसले, हेही विचारत राहा. वडिलांच्या ओळखीमुळे लोक तुम्हाला सांगतील. वहीत पाच रकाने आखा: ठिकाण, माल आला ती वेळ, निघाला ती वेळ, त्या वेळी ताबा कोणाकडे, जोखीम कोणाची. चौथ्या आणि पाचव्या रकान्यातली नावे जिथे वेगळी पडतील, तिथे लाल खूण करा. ती वही प्रवेशाच्या मुलाखतीला सोबत न्या.